ट्रॅक्टरच्या इंजिनाची मंदगती

वाफसा आला असता ट्रॅक्टर अडला, तर पेरणी हुकते. यांत्रिक इंजेक्शन पंपाचे डिझेल इंजिन मंदगतीत चढू-उतरू लागून बंद पडले, की मालक लगेच मंदगतीचा स्क्रू फिरवितो. आमच्या मते हा रोग झाकण्याचा उपाय होय.

बहुधा दोष इंधनमार्गात शिरलेल्या हवेचा असतो. प्रथम टाकीतील डिझेल व झाकणाचे वायुछिद्र पाहावे. मग टाकीपासून फीड पंपापर्यंतचे सांधे तपासावेत. तेथे पंप डिझेल ओढीत असल्यामुळे बाहेर गळती न दिसताही हवा आत शिरू शकते. सांधे आवळून फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा आणि फीड पंपाचा हातदट्ट्या चालवावा. फेस जाऊन अखंड धार लागली, की ती वाहत असतानाच स्क्रू आवळावा. फिल्टर तुंबला असल्यास तो आधी बदलावा. काळा धूर निघत असल्यास एअर क्लीनर साफ करावा.

इतके करूनही चढउतार राहिल्यास दोष गव्हर्नरात असण्याचा संभव आहे. पंपाचे सील स्वतः न तोडता जाणता कारागीर गाठावा. मंदगतीच्या स्क्रूला हात लावणे ते सर्वांच्या शेवटी, इंजिन तापल्यावर आणि माहितीपुस्तकात दिलेल्या फेऱ्यांपुरतेच, एवढे आमच्या शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.