पायाच्या हाडाचा जबडा : अंदाजाने की संगणकाने?



तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचा कॅन्सर झाला, की कधी कधी खालच्या जबड्याचं हाड कापावं लागतं. चावणं, बोलणं, चेहरा, सगळंच बिघडतं. तिथे पायातलं बारीक हाड, म्हणजे फिब्युला, रक्तवाहिन्यांसकट बसवतात. १९८९ साली डॉ. हिडाल्गो यांनी जबड्यासाठी ही पद्धत मांडली. अंगाचा भार शेजारचं जाड हाड पेलतं, म्हणून पुढे चालता येतं.

पण हाड सरळ आणि जबडा कमानीसारखा! म्हणून हाडाचे तिरपे तुकडे करून जोडतात.

१) पारंपरिक पद्धत : सर्जन ऑपरेशनमध्येच मापं घेऊन, अनुभवाने कापतात. खर्च कमी, आयत्या वेळी बदल सोपा.

२) संगणकीय पद्धत : सीटी स्कॅनवरून आधीच आराखडा करून थ्रीडी प्रिंटरवर कापण्याचा साचा बनवतात. तुकडे नेमके बसतात, ऑपरेशनचा वेळ वाचतो. मात्र खर्च जास्त, तयारीला दिवस लागतात. तेवढ्यात गाठ वाढली तर साचा वाया जाऊ शकतो.

रक्तवाहिन्या जोडायचं नाजूक काम दोन्हीकडे सर्जनच्या हातावरच.

वर्गात करून बघा : स्ट्रॉची कमान एकदा अंदाजाने कापून, एकदा कोन आखून. फरक मुलंच सांगतील. आणि गुटख्याच्या पुडीची खरी किंमतही त्यांना समजेल.