खटखटणारी हार्ड डिस्क: आधी कॉपी, मग रिकव्हरी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

फोनची मेमरी भरली की आपण काय करतो? फोटो, व्हिडिओ एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकतो, फोन मोकळा करतो आणि विसरून जातो. आता त्या आठवणींची एकच प्रत उरली, तीही फिरत्या चकतीवर. ती डिस्क आजारी पडली तर काय करायचं, तेच आज सांगतो.

आधी आत काय चाललंय ते बघू. चकती मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे मारते. डेटा वाचणारं हेड चकतीला टेकत नाही, ते काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. आपल्या डोक्यावरचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो! म्हणजे धुळीचा एक कण आत गेला तरी चकतीवर ओरखडा उठू शकतो. म्हणून पहिला नियम: घरी डिस्क उघडायची नाही. फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना सल्ला पण विसरा, आत दव धरतं.

आता आजार कुठला ते ओळखा. खटखट आवाज येतोय, डिस्क फिरतच नाहीये किंवा पडलीये? मग हा यांत्रिक बिघाड. लगेच बंद करा, परत परत लावून बघू नका. डेटा खरंच मोलाचा असेल तर रिकव्हरी लॅब गाठा. तिथे धूळमुक्त खोलीत हेड बदलतात. खर्च हजारांत जातो, हे धरून चाला.

डिस्क दिसतेय, पण फाइल उघडायला मिनिटं लागतायत, कॉम्प्युटर अडकतोय? मग बहुतेक सेक्टर खराब होतायत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच ठेवलेली नोंद दाखवतं. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ बघा. डिस्कला नीट वाचता न आलेल्या जागांचा तो आकडा. तो वाढत असेल तर घाई करा.

इथे बरेच जण चेकडिस्क चालवतात किंवा एकेक फोल्डर कॉपी करायला बसतात. दोन्ही नको. चेकडिस्क मरणाऱ्या डिस्कवरच लिहितं. आणि कॉपी करताना एक खराब फाइल लागली की सिस्टीम तिथेच डोकं आपटत बसते. डिस्कचं उरलंसुरलं आयुष्य त्या एका फाइलवर खर्च होतं.

बरोबर क्रम उलटा आहे: आधी अख्ख्या डिस्कची कॉपी, मग त्या कॉपीतून फाइली शोधा. यासाठी लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा, आजारी डिस्क लावा, पण तिच्यातले फोल्डर उघडू नका. डीडीरेस्क्यू आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि त्यांच्याकडे नंतर वळतो. कुठवर आलो ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणून मध्ये लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून नको.

कमांडमध्ये आधी आजारी डिस्क, मग नव्या डिस्कवरची इमेज फाइल, शेवटी मॅप फाइल. क्रम आणि डिस्कचा साइज दोनदा तपासा. नवी डिस्क मोठी हवी आणि एफएटी३२ नको, कारण तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही.

माझ्या मैत्रिणीच्या ५०० जीबी डिस्कवर तिच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या होत्या. आजी आता नाही. पहिल्या फेरीत, रात्रभरात, जवळजवळ सगळं आलं. उरलेल्या थोड्या जागांसाठी पुन्हा प्रयत्न करताना डिस्क खटखटायला लागली, तेव्हा तिनेच म्हटलं, “राहू दे, थांबव.” दोन ओव्यांत मध्येच आवाज तुटतो. बाकी सगळ्या आहेत.

इमेज हातात आली की तिच्यावर टेस्टडिस्क किंवा फोटोरेक चालवा. फोटोरेक फाइलची ठेवण बघून ती ओळखतो, त्यामुळे मूळ नावं आणि फोल्डर मिळत नाहीत. हजार फोटो हाताने लावायची तयारी ठेवा. सापडलेल्या फाइली आजारी डिस्कवर कधीच सेव्ह करू नका.

एसएसडीवाल्यांनो, तुमची डिस्क खटखटत नाही, बऱ्याचदा काही न सांगताच बंद पडते. शिवाय ट्रिम सुरू असेल तर डिलीट केलेलं सहसा परत येत नाही.

म्हणून सोपा हिशोब: ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ घराबाहेर. क्लाउड चालेल, मामाच्या घरचं कपाटही चालेल. फोन मोकळा करण्याआधी दुसरी प्रत कुठे आहे, एवढं स्वतःला विचारा.

चला, भेटू पुढच्या भागात. हा भाग त्या मित्राला पाठवा, ज्याची डिस्क ‘अजून चालतेय ना’ म्हणून चालू आहे!