घरी जुळविलेला संगणक वारंवार ठप्प होत असल्यास

आपल्या धारणी तालुक्यातील काही शिक्षकबंधूंनी व भगिनींनी अलीकडे अमरावती, अकोला किंवा बऱ्हाणपूर येथून सुटे भाग आणून घरच्या घरी संगणक जुळविण्यास प्रारंभ केला आहे. तयार यंत्रापेक्षा असे यंत्र पुष्कळदा स्वस्त पडते आणि पुढे एखादा भाग निकामी झाल्यास तेवढाच बदलता येतो, म्हणून हा उपक्रम स्वागतार्ह होय. परंतु नवे यंत्र चार-आठ दिवस चालून मध्येच ठप्प होऊ लागले, म्हणजे उत्साह मावळतो. एका भगिनीने इयत्ता पहिलीच्या मुलांकरिता कोरकू व मराठी शब्दांच्या चित्रपत्रिका तयार करण्यात तीन रविवार खर्ची घातले. चौथ्या रविवारी पडदा जागच्या जागी थिजला व त्या दिवशीच्या सर्व पत्रिका गेल्या. विक्रेत्याने विजेला दोष दिला, वायरमनने यंत्राला दिला, आणि बाईंनी तो स्वतःच्या अडाणीपणाला दिला. तिघांचेही निदान चुकीचे होते, हे पुढे दिसून येईल.

प्रथम यंत्राला नेमके काय होते, ते शब्दांत सांगता आले पाहिजे. ‘हँग होतो’ या एकाच शब्दाखाली आपण चार निरनिराळी दुखणी सांगतो. पडदा थिजतो, यंत्र आपोआप बंद पडते, ते बंद होऊन पुन्हा सुरू होते, अथवा निळा पडदा येतो. या चारही गोष्टी भिन्न आहेत. पडदा थिजला असता कळफलकावरील कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. तिचा दिवा लागत व विझत असेल, तर यंत्राचा गाभा जिवंत आहे व बहुधा एखादा कार्यक्रमच अडकला आहे. अशा वेळी पाच मिनिटे थांबावे, नंतर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबून अडकलेला कार्यक्रम बंद करावा. बाण हलतो परंतु काहीच उघडत नाही, असे असल्यास संशय साठवणुकीच्या चकतीवर किंवा एसएसडीवर व तिच्या वायरीवर घ्यावा. दिवाही हालत नसेल, तर मात्र सारे यंत्रच थांबले आहे आणि कारण बहुतांशी भागांत, त्यांच्या जोडणीत किंवा त्यांना चालविणाऱ्या ड्रायव्हरमध्ये शोधावे लागते.

यानंतर एक वही घालावी. दिनांक, वेळ, खोलीतील उष्मा, त्या वेळी चाललेले काम आणि यंत्र सुरू केल्यापासून किती मिनिटांनी ते थांबले, एवढ्या नोंदी पुरेत. आठ दिवसांच्या नोंदींतून जे उमगते, ते तर्काने उमगत नाही. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच बदल करावा. दोन भाग एकदम बदलले व यंत्र सुधारले, तर कोणत्या भागाचा दोष होता हे कायमचे अज्ञात राहते.

आपल्याकडे उष्णतेचा विचार आधी करणे योग्य. धारणी हे तापीच्या खोऱ्यात सखल भागी वसलेले असल्याने चिखलदऱ्याचा गारवा आपल्या वाट्यास येत नाही. पंखा खोलीतील हवेनेच प्रोसेसर थंड करतो. त्यामुळे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही. दुकानातील वातानुकूलित खोलीत २४ अंशांवर जे यंत्र निर्धास्त चालले, तेच आपल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यातील ४२ अंशांवर सुमारे १८ अंशांनी अधिक तापणार, हा साधा हिशेब आहे. बहुतेक प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वतःचा वेग कमी करतात व त्याहीपुढे तापल्यास यंत्र बंद करतात. म्हणजे उष्णतेचे मुख्य लक्षण आधी मंदावणे व मग बंद पडणे हे होय. निव्वळ थिजणे नव्हे. यंत्र सुरू होताना डिलीट अथवा एफ-२ ही कळ दाबली असता बायोसच्या पडद्यावर तापमान दिसते. तेथे काहीही काम चाललेले नसता आकडा भराभर ८० च्या वर चढू लागला, तर पंख्याची बैठक चुकली आहे असे समजावे.

वर उल्लेखिलेल्या भगिनींच्या यंत्रात हेच घडले होते. वहीतील नोंदींवरून असे दिसले की, यंत्र दर वेळी पंधरा-वीस मिनिटांनी मंदावे, बाण अडखळे, पडदा थिजल्यासारखा होई आणि थोड्या वेळाने सर्व काही बंद पडे. सकाळी थोडे अधिक टिके. पंखा उतरविला तेव्हा त्याच्या तळाची पारदर्शक संरक्षक पट्टी तशीच चिकटलेली आढळली! पट्टी काढून, जुना लेप पुसून, मटारच्या दाण्याएवढा नवा लेप मध्यभागी लावून पंख्याचे स्क्रू कर्णाच्या दिशेने थोडेथोडे आवळले. यंत्र तेव्हापासून सुरळीत आहे.

प्रस्तुत लेखकाचे स्वतःचे यंत्र अधिक खट्याळ निघाले. ते सकाळच्या गारव्यातही थांबे, कधी दहा मिनिटांनी तर कधी तीन तासांनी, आणि कॅप्स लॉकचा दिवा हालत नसे. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद दर वेळी सापडे. ‘पॉवर’ हा शब्द वाचून मी पॉवर सप्लाय सदोष ठरविला व नवा विकत घेतला. यंत्र पूर्ववत थांबतच राहिले. त्या नोंदीचा खरा अर्थ एवढाच की, मागील वेळी यंत्र रीतसर बंद झाले नव्हते. ते रीतसर बंद का झाले नाही, हे ती सांगत नाही. थिजलेले यंत्र मीच बटण दाबून बंद करीत होतो, तेव्हा ती नोंद माझ्याच बोटाची होती. तीस वर्षे उत्तरपत्रिका तपासलेल्या माणसाने प्रश्न नीट न वाचता उत्तर लिहावे, ही गोष्ट मला अद्याप बोचते. मधल्या काळात विंडोजही तीनदा नव्याने घातली, ती मेहनतही व्यर्थ गेली.

अखेर रॅमची परीक्षा घेतली. तिची रीत आपल्याला परकी वाटू नये. वजाबाकीत मूल कोठे चुकते हे पाहण्यासाठी आपण ज्यांची उत्तरे ठाऊक आहेत अशी उदाहरणे देतो. ‘मेमटेस्ट ८६ प्लस’ हा विनामूल्य कार्यक्रम रॅमच्या प्रत्येक घरात ठरलेला नमुना लिहितो, परत वाचतो व ताडून पाहतो. तो पेनड्राइव्हवर घालून, विंडोज सुरू न करता, यंत्र थेट त्यावरून चालवावे लागते. रात्रभर चालू ठेवावा. किमान चार फेऱ्या व्हाव्यात. येथे पस्तीस टक्क्यांना उत्तीर्ण करण्याची सोय नाही. एक चूक निघाली तरी रॅम किंवा तिची मांडणी सदोष समजावी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या व १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलेल्या संगणकाच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत असत. आजच्या ८ जीबीच्या एका पट्टीत ६,८०० कोटींहून अधिक घरे असतात. एकूण एक घर अचूक असलेच पाहिजे, ही अट मात्र तेव्हाइतकीच कडक आहे.

माझ्या यंत्रात दुसऱ्याच फेरीत चुका निघाल्या. मग एक पट्टी काढून दुसरी एकटी तपासली, नंतर उलट केले. तेव्हाही दोहोंत चुका आल्या. दोन्ही पट्ट्या एकाच वेळी बिघडाव्यात हे संभवनीय वाटेना. बायोस पाहिला असता असे दिसले की, भाच्याने जुळणी करताना ‘एक्सएमपी’ ही सोय चालू केली होती. वेष्टनावर छापलेला ३६०० हा वेग तिच्यामुळे मिळतो. ती बंद ठेवल्यास पट्टी तिच्या मूळच्या कमी वेगाने चालते. छापील वेग प्रत्येक प्रोसेसर व मदरबोर्ड पेलतोच असे नाही. ती सोय बंद करून पुन्हा रात्रभर परीक्षा घेतली. एकही चूक आली नाही. वेगातील फरक माझ्या कामात मला आजवर जाणवलेला नाही.

पट्टी नीट न बसणे हेही एक नित्याचे कारण आहे. बाजूची कडी ‘टक’ असा आवाज करून बसेपर्यंत ती दाबावी. चार खाचा असलेल्या बहुतेक मदरबोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत घालावयाच्या असतात; तरी सोबतची पुस्तिका पाहावी. पेटी उघडण्यापूर्वी प्लग काढून, सुरू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे व पेटीच्या धातूस हात लावून अंगातील स्थिर विद्युत उतरवावी. आपल्याकडील कोरड्या हवेत ही काळजी विशेष आवश्यक आहे. पॉवर सप्लायची डबी मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात धोकादायक विद्युत साठून राहते.

विजेविषयी थोडे सांगितले पाहिजे. दाब क्षणभर घसरला तर यंत्र सहसा पुन्हा सुरू होते, थिजत नाही. म्हणून प्रत्येक दोष विजेच्या माथी मारू नये. तथापि पेटीस हात लावताच मुंग्या येत असतील, तर अर्थिंग नाही किंवा निकामी आहे. उन्हाळ्यात जमीन सुकली म्हणजे अर्थिंगचा खड्डाही सुकतो. त्यात पाणी घालीत जावे व जोडणी वायरमनकडून तपासून घ्यावी.

हे सर्व निर्दोष आढळल्यास मदरबोर्डच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून चिपसेट व ग्राफिक्सचे ड्रायव्हर घालावेत आणि त्यानंतरच बायोस अद्ययावत करण्याचा विचार करावा. ते काम यूपीएस असल्याशिवाय हाती घेऊ नये, कारण मध्येच वीज गेल्यास मदरबोर्ड निकामी होऊ शकतो.

भाग परत करण्याची वेळ आली, तर पावती व वेष्टन यांच्यासोबत वहीची नक्कल आणि चुका दाखविणाऱ्या पडद्याचे छायाचित्र न्यावे. ‘हँग होतो’ एवढेच सांगितल्यास दुकानदार यंत्र पंधरा मिनिटे चालवून दाखवितो व परत देतो. भगिनींच्या गेलेल्या पत्रिका परत मिळाल्या नाहीत. त्यांनी त्या पुन्हा केल्या असून आता दर दहा मिनिटांनी कंट्रोल व एस या कळा दाबतात आणि शाळा सुटताना एक प्रत पेनड्राइव्हवर घेतात.