वेदनेला रूप देताना

वार्षिक अहवालात शस्त्रक्रिया, खाटा, तपासण्या आणि देणग्या यांचे आकडे सादर केले जातात. वेदना मात्र कोणत्याही ताळेबंदात मावत नाही. तरीही अनेक रुग्ण तिच्यामुळेच रुग्णालयाची पायरी चढतात. म्हणून आमचे सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे आप्तेष्ट यांच्यासमोर या विषयाची थोडक्यात मांडणी करीत आहोत.

अस्थिभंग क्ष-किरण चित्रात दिसतो, रक्तदाब यंत्रावर मोजता येतो. वेदना मोजणारे यंत्र नाही. ‘शून्य ते दहांपैकी किती?’ असे डॉक्टर विचारतात. औषधाने उतार पडला की नाही हे त्या आकड्यावरून समजते. वेदना कशी आहे हे समजत नाही. ठणका, कळ, चमक, सणक, ठसठस, आग, मुंग्या हे आपल्याकडील शब्द एकाच दुखण्याची नावे नव्हेत. शब्दांचे हे महत्त्व ओळखूनच रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द २० गटांत मांडले आहेत.

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेस दीर्घकालीन वेदना म्हणतात. कित्येकदा जखम भरून येते, परंतु मज्जासंस्था वेदनेचे संदेश देतच राहते. तपासण्यांत दोष आढळत नाही आणि घरची माणसे नकळत म्हणून जातात, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहेत!’ दुखण्याच्या जोडीला अविश्वासाचे दुःख येते ते येथेच. वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये सुधारलेल्या व्याख्येसोबत, रुग्णाने सांगितलेल्या वेदनेचा आदर राखावा, असे स्पष्ट नमूद केले आहे.

शब्द अपुरे पडतात तेथे कला साहाय्यास येते. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलो यांनी पाठीच्या आधारासाठी घालाव्या लागणाऱ्या प्लास्टरच्या कवचांवरच चित्रे रंगविली होती. आपल्या काळात लंडनच्या कलावंत डेबोरा पॅडफिल्ड यांनी सेंट थॉमस रुग्णालयातील वेदना विभागात डॉ. चार्ल्स पिथर व तेथील रुग्ण यांच्यासह असेच कार्य केले. रुग्ण आणि कलावंत मिळून वस्तू व छायाचित्रे यांच्या साहाय्याने वेदनेची प्रतिमा घडवीत. त्यांचे ‘पर्सेप्शन्स ऑफ पेन’ हे पुस्तक २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या रुग्णालयांत प्रा. जोआना झाक्रझेव्स्का यांच्यासमवेत चेहऱ्याच्या वेदनेच्या रुग्णांनी उपचारांपूर्वी, उपचारांदरम्यान व नंतर अशा प्रतिमा तयार केल्या. त्यांतून ५४ चित्रपत्रांचा संच सिद्ध झाला. रुग्णाने आपल्या वेदनेशी जुळणारी पत्रे निवडावीत आणि ती डॉक्टरांसमोर ठेवून बोलावे, अशी ही पद्धत आहे.

येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. चित्राने गाठ विरत नाही आणि वेदनाशामक औषधाची जागाही ते घेऊ शकत नाही. मात्र मनात कोंडलेली वेदना समोर टेबलावर आली की रुग्ण आणि डॉक्टर दोघेही तिच्याकडे एकाच बाजूने पाहू लागतात. भय आणि एकाकीपणा यांनी वेदना अधिक तीव्र जाणवते. म्हणून आपले म्हणणे कोणास तरी समजले, हा दिलासादेखील उपचाराला पूरक ठरतो.

आगामी वर्षात आमच्या बाह्यरुग्ण विभागात असा एक साधा संच तयार करण्याचा मानस आहे. रंग, कागद, कापडाचे तुकडे, तारा व दोरे एवढेच साहित्य त्यास लागेल. गरजू रुग्णांच्या औषधनिधीतील एक रुपयाही त्याकडे वळविला जाणार नाही, याची विश्वस्तांनी व देणगीदारांनी खात्री बाळगावी.

आप्तेष्टांना मात्र एक नम्र विनंती आहे, आणि तिला काहीच खर्च नाही. आपला माणूस दुखते म्हणाला, तर अहवालाचा कागद पुढे करण्यापूर्वी ‘कसे दुखते?’ एवढे अवश्य विचारावे आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत जवळ बसावे.