समृद्धीवर गाडी काढताय? आधी टायरची नक्षी पाहा. काय आहे १.६ मिमीचा नियम?

नाशिक : इगतपुरी किंवा भरवीरहून समृद्धी महामार्गावर चढले की कारला सपाट भागात ताशी १२० किमीची मुभा आहे. या वेगात टायर फुटला तर सावरायला वेळच मिळत नाही. म्हणूनच २०२३ मध्ये परिवहन विभागाने समृद्धीवर टायर तपासणी सुरू केली आणि घासून गुळगुळीत झालेल्या टायरच्या गाड्या अडवल्या.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिमी खोल हवी. मोजायला पट्टी लागत नाही. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर बाद. ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिलदरम्यान बर्फाळ रस्त्यावर विंटर टायर लागतात, त्यांची नक्षी किमान ४ मिमी.

आपल्याकडे बर्फ नाही, ऊन आहे. ‘तापल्यावर हवा वाढेलच’ म्हणून अनेक जण हवा मुद्दाम कमी ठेवतात. हे उलटेच! कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. त्यामुळे टायर थंड असतानाच, दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे हवा भरा. टायरच्या बाजूचे चार आकडेही वाचा. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर जुने होतेच.