निनावी लेखणीचा माग

जामनेरसारख्या तालुक्याच्या गावी एखाद्या कार्यालयात निनावी अर्ज आला की त्यातील तक्रारीपेक्षा तो लिहिला कोणी, याचीच चर्चा अधिक रंगते. पूर्वी अक्षरावरून संशय घेतला जाई. अर्ज छापील स्वरूपात येऊ लागल्यापासून तो आधार गेला. आता भाषाच मोजून लेखक ओळखता येतो, असे संख्याशास्त्र सांगते. हा दावा पोकळ नाही. परंतु तो कोठवर चालतो, हे पाहिलेच पाहिजे, कारण प्रश्न कोणाच्या तरी नोकरीचा असतो.

अमेरिकेच्या नव्या राज्यघटनेच्या पुरस्कारासाठी १७८७-८८ मध्ये 'पब्लियस' या टोपणनावाने ८५ लेख प्रसिद्ध झाले. त्यांपैकी १२ लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी १९६४ च्या ग्रंथात मॅडिसनच्या बाजूने कौल दिला. मौज अशी की, त्यांनी विचार बाजूला ठेवून क्षुल्लक शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरी. मॅडिसनच्या लेखनात तो क्वचितच आढळे. मोठे शब्द विषयाबरोबर बदलतात, लहान शब्द सवयीने येतात. मराठीत 'साठी' आणि 'करिता' यांतील निवड अशीच नकळत होते.

लेखकत्वाचा असाच एक वाद महाराष्ट्रातही गाजला. १८९८-९९ च्या सुमारास शिवराम एकनाथ भारदे यांनी 'सुधारक' पत्रात 'भारद्वाज' या नावाने लिहून ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकार हे दोन भिन्न पुरुष असल्याचे प्रतिपादन केले. अभंगांची भाषा अर्वाचीन वाटते आणि त्यांतील विठ्ठलभक्ती ज्ञानेश्वरीत आढळत नाही, हे त्यांचे प्रमुख आधार. मग शब्द मोजून निकाल का लावू नये? पण मोजायचे कोणाचे शब्द? अभंग शतकानुशतके वारकऱ्यांच्या मुखी राहिले आणि त्यांची भाषा काळाबरोबर पालटत गेली. ज्ञानेश्वरीतही पाठभेद शिरल्यामुळे एकनाथांना १५८४ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. शिवाय दृष्टान्तांच्या माळा गुंफणाऱ्या भाष्यात 'जैसे-तैसे' वाढणारच. चार चरणांच्या अभंगात त्यांना तेवढी जागा कोठली? हाती लागणारा फरक दोन कवींचा की दोन काव्यप्रकारांचा, हे आकडे सांगत नाहीत. अमेरिकेतील संशोधकांपुढे एकाच काळातील, बव्हंशी एकाच विषयावरील छापील गद्य होते.

निनावी अर्जाची अडचण याहून बिकट. मजकूर जेमतेम अर्धे पान, आणि त्यातही 'उपरोक्त विषयास अनुसरून' छापाची, सर्व कारकुनांची सारखीच असलेली भाषा. जामनेर परिसरातील घरांत बोलली जाणारी तावडी प्रमाण मराठीतून डोकावली, तर लेखक या भागातला, एवढेच कळेल. शेजारी-शेजारी बसणाऱ्या चौघांपैकी कोण, हे नव्हे. आणि चौघांची नावे पुढे ठेवून मोजणी केली, तर ती त्यांतील सर्वांत जवळचा माणूस दाखवील, अर्ज पाचव्यानेच लिहिलेला असला तरी.