अशुद्धीमुळे आलेली अचूकता

अचूक मोजमापासाठी नमुना शुद्ध हवा, असे आपण वर्गात सांगतो. १९८० साली ग्रनोबल येथे क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना वेगळेच दिसले. सिलिकॉनच्या पृष्ठभागालगतच्या अतिपातळ थरात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांवर त्यांनी अतिशीत तापमानात तीव्र चुंबकीय क्षेत्र लावले. इलेक्ट्रॉनांची संख्या वाढवत नेली, तेव्हा प्रवाहाला आडवा मोजलेला रोध, म्हणजे हॉल रोध, पायऱ्यापायऱ्यांनी उतरला. प्रत्येक पायरीची किंमत २५,८१२.८ ओहमला पूर्णांकाने भागून येते. नमुना कोणताही घ्या, आकडा तोच!

पायरी सपाट का? थरातील अशुद्धींमुळे ऊर्जेचे खड्डे आणि उंचवटे तयार होतात. नव्याने भर पडलेले इलेक्ट्रॉन त्यांच्याभोवतीच घोटाळत राहतात, वहनात भाग घेत नाहीत. म्हणून रोध बदलत नाही. थर पूर्णपणे निर्दोष असता, तर रोध एकसारखा उतरत गेला असता आणि पायऱ्या दिसल्याच नसत्या.

अर्थात अशुद्धी फार झाली की पायऱ्या पुसल्या जातात. १९८२ साली त्सुई, श्टॉर्मर आणि गॉसर्ड यांना सापडलेली अपूर्णांकी पायरी तर फारच नाजूक. ती इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणातून घडते. खड्डे खोल असले, तर इलेक्ट्रॉन एकमेकांना सोडून खड्ड्यांचेच ऐकतात. तिच्यासाठी गॅलियम आर्सेनाइडचे अत्यंत स्वच्छ स्फटिक वाढवावे लागले.